नऊ पुरुष आणि एक वही

घरात कोंडून घ्यायची आम्हाला पिढ्यान् पिढ्यांची सवय आहे. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. आमच्यात दारफाळणीचा सण असतो. त्या दिवशी पांढरे कपडे घालायचे, कडक उपास धरायचा, दार लावून दिवसभर प्रार्थना करायची आणि बाहेरच्या कुणाला शिवायचं नाही. त्यामुळे टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा बाबा टीव्ही बंद करत म्हणाले, "घ्या. आता साऱ्या देशाची दारफाळणी." सगळ्यात जास्त हसली ती आई.

वऱ्हाडात आम्ही चिमूटभरच. अमरावतीत पाच घरं, अकोल्यात तीन, अकोटला एक. सिनॅगॉग, म्हणजे आमचं प्रार्थनामंदिर, नाही. सणावाराला सगळे अमरावतीला आमच्याकडे जमत, कारण आमचा हॉल मोठा आणि मालिदा करावा तर माझ्या आईनेच. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वेलची, वर फळं. एलियाहू हनाबी या आमच्या प्रेषिताचं नाव घेऊन तो सगळ्यांनी एकाच परातीतून घ्यायचा. अकोल्याचे काका, म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, आमच्या प्रार्थना चालवत. चपला काढता काढताच ते विचारायचे, "दहा झाले काय?" दहा पुरुष जमल्याशिवाय काही प्रार्थना म्हणता येत नाहीत. मेलेल्या माणसासाठी त्याच्या मुलाने म्हणायची कद्दिश त्यातलीच. आमच्याकडे पुरुष होते बरोबर दहा. एकाला ताप आला की सगळं अडायचं. बायका किती, हे कधी कुणी मोजलं नव्हतं. मी क्लासमध्ये गणित शिकवते आणि मीही मोजलं नव्हतं, याची मला आजही लाज वाटते.

टाळेबंदीत आमची मंडळी टिकली ती बायकांमुळे. हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ, आमचा विसाव्याचा दिवस, लागतो; त्याआधी मी नऊ घरांना फोनवर एकत्र आणायचे. कुणाचा आवाज बंद, कुणाचा कॅमेरा छताकडे, काकांच्या मागे कुकरच्या शिट्ट्या. काकूंनी कुकर उतरवावा की नाही यावर एकदा अर्धी प्रार्थना गेली. सणाला नऊ स्वयंपाकघरांत एकाच वेळी पोहे भिजले. परात एक नव्हती, पण सगळे जेवले. एकट्या राहणाऱ्या अकोटच्या म्हाताऱ्या मामींना रोज सकाळी कुणी ना कुणी फोन करायचंच. ती पाळी बायकांनी आपसात लावून घेतली, पुरुषांना पत्ताही नव्हता. काका मात्र एका गोष्टीवर अडून राहिले. फोनवरचे दहा म्हणजे दहा नव्हेत, एका जागी जमले तरच दहा. तेव्हा मी वाद घातला नाही. कुणी गेलंच नव्हतं तोवर.

दुसऱ्या लाटेत बाबा गेले. दफनाला चौघं होते आणि त्यातले दोघे पालिकेचे. कद्दिश झाली नाही. पुढे अकरा महिने ती म्हणायची असते, तेही झालं नाही. मी एकुलती एक, आणि मुलगी. ठाण्याहून मामेभावाचा फोन आला, की काळजी करू नको, आमच्याकडे माणसं आहेत, आम्ही म्हणून टाकतो. म्हणून टाकतो! जसा काही गॅसचा नंबर लावायचा होता. ज्या माणसाने चाळीस वर्षं विजेच्या खांबांवर चढून या गावात उजेड ठेवला, त्याची प्रार्थना ठाण्यात का म्हणायची? मी नको म्हणून सांगितलं. रात्रंदिवस एकच गोष्ट मनात टोचत होती, की माझ्या बापाची कद्दिश राहिली आहे.

त्यांची एक वही होती. हिब्रू प्रार्थना त्यांनी निळ्या शाईने देवनागरी अक्षरांत लिहून काढल्या होत्या. मी आठवीत असताना दर शुक्रवारी ते मला त्या वाचायला लावायचे. काय उपयोग, असं आईने विचारलं तेव्हा म्हणाले होते, पाठ असू द्यावं माणसाला. वर्षभर ती वही माझ्या उशाशी होती. कद्दिश मला कधीच पाठ झाली होती, तरी मी वही उघडून बसायचे.

बाबांना जाऊन वर्ष झालं त्या दिवशी सगळे पुन्हा आमच्या हॉलमध्ये आले. गाड्या, बस, सगळं सुरू झालं होतं. बायका स्वयंपाकघरात पोहे कालवत होत्या. काकांनी चपला काढल्या आणि सवयीने विचारलं. मग स्वतःच मोजलं. नऊ. म्हणता येण्यासारख्या प्रार्थना झाल्या. काकांनी पुस्तक मिटलं आणि खाली बघत म्हणाले, कद्दिश राहू द्या.

मी वही घेऊन उभी राहिले.

"काय करून राहिली तू?" काकांनी विचारलं. "नऊच हायेत."

"दहावा मेला म्हणून तर म्हणायची हाये, काका."

मी परवानगी मागितली नव्हती आणि मागणारही नव्हते. कुणी थांबवायच्या आत संपवावी म्हणून मी भरभर म्हणत सुटले. पहिल्या ओळीनंतर ऐकणाऱ्यांनी आमेन म्हणायचं असतं, त्याशिवाय कद्दिशला अर्थ नाही. कुणी म्हटलं नाही. मी पुढे गेले. दुसऱ्या वेळी स्वयंपाकघराच्या दारातून आमेन आलं. आई होती, हात पोह्यांनी भरलेले. मग काकू, मग अकोटच्या मामी, मग मागच्या भिंतीशी बसलेले दोघं-तिघं पुरुष. माझा आवाज फुटत होता, म्हणून मी आणखी जोरात म्हणू लागले.

काकांनी हात वर केला. "थांब."

मी थांबले. वही मिटली मात्र नाही.

"एवढी घाई कावून करून राहिली?" ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "लोकायले आमेन म्हणू तर दे. पहिल्यापासून म्हण."

मी पहिल्यापासून म्हटली, सावकाश, बाबांनी शिकवली तशी. या वेळी पहिलं आमेन काकांचं होतं.