रिकामी गल्ली

काठी शिकवणाऱ्या बाईंबद्दल मामींना खरं तर काहीच ठाऊक नव्हतं. त्या राहतात कुठे, घरी कोण आहे, हे विचारायचं राहूनच गेलं. अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थेतून त्या येत. पायांत जाड बूट, बोलणं तुटक. एवढंच.

काचबिंदूने शिंपीमामांची नजर गेली, पण दुकान काही सुटेना. कात्री आता कारागिराच्या हाती होती, तरी कापड चाचपून त्याचा पोत सांगावा तो मामांनीच. मुलाने मात्र स्पष्टच सांगितलं होतं, "बाबा एकटे ये-जा करू शकले तर दुकान ठेवू. रोज माझी नोकरी सोडून मी त्यांना कसा नेऊ-आणू?" त्याचंही चूक नव्हतं.

मामा भराभर शिकले. काठी डावी-उजवी अशी झोकात फिरे की बघत राहावं. कुठे अडखळणं नाही, की धडकणं नाही. मामी खूश होत्या. बाईंच्या कपाळाला मात्र आठ्या पडू लागल्या.

एके दिवशी बाई जरा लवकर, गल्लीच्या दुसऱ्या टोकाने आल्या. बघतात तो मामी कुणाची तरी सायकल भिंतीला लावतायत, कुंडी सरकवतायत आणि झोपलेल्या कुत्र्याला पिशवीने हुसकतायत. रोज सरावाआधी 'जरा भाजी घेऊन येते' म्हणून त्या निघत, ते यासाठी!

"मामी, हे काय चाललंय?"

"मध्येच होती हो कुंडी. नडगी फुटली असती."

"फुटू दे की! काठीला कुंडी लागलीच नाही, तर ती चुकवायची कशी ते मामांना कळणार कसं? रिकामी गल्ली शिकवलीत तुम्ही त्यांना."

"तुमचं काय जातंय? नडगी आमच्या घरची आहे!"

बाई पहिल्यांदाच हसल्या. "दुकानही तुमच्याच घरचं आहे ना?"

मामींनी कुंडी होती तिथे परत सरकवली. सराव पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. मामा धडकू लागले, सायकलवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागले. बाई शांतपणे म्हणत, "शिव्या झाल्या? आता चाक कुठे संपतं ते बघा आणि परत भिंत शोधा."

एकट्याने जायचा दिवस उजाडला. मुलगा दुकानापाशी थांबला होता. बाई लांबून, मागे राहून नुसतं बघणार होत्या.

"मी काय करू?" मामींनी विचारलं.

"घरी बसा. सगळ्यात अवघड काम तुमचंच आहे."

मामी बसल्या कसल्या, येरझाऱ्या घालत राहिल्या. बऱ्याच वेळाने बाई एकट्याच परत आल्या.

"पोचले. एकदा भलत्याच जिन्यावर चढले, पण स्वतःच उतरून भिंतीला लागले. नडगी सोलवटलीय, संध्याकाळी मलम लावा."

"आणि मुलगा?"

"किल्ली बाबांच्या हातात देऊन कामावर गेला."

मामी आता कुठे खुर्चीत बसल्या. पदर डोळ्यांना लावला. मामींना बाईंशी बरंच काही बोलायचं होतं. पुढे बाईंची बदली झाली आणि पुन्हा भेट झाली नाही. त्यामुळे त्या दिवशीचं हे बोलणंच शेवटचं ठरलं.

"चहा टाकते."

"नको, पुढच्या घरी वाट बघत असतील."

"ऊन फार आहे का हो बाहेर?"

"आहे थोडं."

"मग आमची छत्री न्या."

"नको मामी, सवय आहे."