दोनशे बारा टिपा आणि भट्टीची देवी

"थांबा, पुढचं ऐका. 'परसिमन. शास्त्रीय नाव डायोस्पायरोस काकी. एबेनेसी कुळातला वृक्ष. थंडीच्या आरंभी फळे...'"

"बस कर वं आता. फळ खायाच्या आधी सडून जाईन."

"मंग हे काढून टाकू? सांगा. मानसाले कसं समजन का थे फळ काय हाय?"

"मले काहून विचारून राहिली? मी काय जपानी हाओ? गंधालीनं वीस म्हटल्या ना, वीस ठेव अन् मोकळी हो."

"वीस! दोनशे बाराच्या वीस! पोट्टीनं म्हणून टाकलं. तिच्या बापाचं काय जाते?"

प्रेमलाबाईंचा आवाज चढला तसं निरंजनरावांनी वर्तमानपत्र तोंडापुढं धरलं. चाळीस वर्षांच्या संसारात तेवढी एकच ढाल त्यांना सापडली होती.

गंधाली म्हणजे नागपूरची प्रकाशक. वयानं लहान, तिनं पत्रात मावशी म्हणून लिहिलं होतं. पण लिहिलं होतं ते मावशीच्या जिव्हारी लागेल असंच. "मावशी, कादंबरी फार चांगली आहे. पण दोनशे बारा तळटिपा! वाचणारा दर पानाला खाली वाकून कंबर मोडून घेईल. वीसच्या आत आणा, तेही या महिन्यात. नाही जमलं तर हस्तलिखित परत पाठवावं लागेल." जपानीतून मराठीत आणलेल्या त्या हस्तलिखितात प्रेमलाबाईंची चार वर्षं होती. दोनदा डोळ्यांचा नंबर वाढला होता. पत्र आलं त्या दिवशी त्यांनी भाजीत दोनदा मीठ घातलं, आणि निरंजनरावांनी ती गुमान खाल्ली.

रायपूरच्या तात्यापाऱ्यात त्यांना सगळे जपानीबाई म्हणत. जपान काही त्यांनी पाहिला नव्हता. विशाखापट्टणमच्या पुढं त्या गेल्या नव्हत्या. दंतेवाड्याकडच्या लोखंडाच्या खाणीत निरंजनराव मेकॅनिक आणि प्रेमलाबाई कचेरीत टायपिस्ट. तिथला माल जहाजानं जपानला जाई, म्हणून माल तपासायला जपानी साहेब येत. आपण टाईप करतो त्या कागदावर ही किड्यामुंग्यांची रांग काय म्हणते, हे कळेना म्हणून बाईला झोप येईना. एका म्हाताऱ्या साहेबानं जाताना बालवाडीचं पुस्तक आणि शब्दकोश देऊन टाकला. बाईनं अकरा वर्षं तो शब्दकोश पाखडला. पुढं निरंजनराव सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यात फोरमन झाले, बिऱ्हाड रायपूरला आलं, आणि त्याच साहेबाकडून एक दिवस टपालानं ही कादंबरी आली. मराठीत कोणीतरी आणली पाहिजे, असं बाईला वाटलं. कोणी म्हणजे कोण, तर आपणच.

कादंबरी होती डोंगरातल्या एका भट्टीची. नदीची काळी वाळू आणि लाकडी कोळसा तीन दिवस तीन रात्री जाळायचा, पायानं भाता तुडवायचा आणि पोलाद काढायचं. भट्टीचा म्हातारा उस्ताद एका डोळ्यानं जाळ पाहून पाहून त्या डोळ्यानं आंधळा झालेला. त्याची एक पोरगी. बस, एवढंच. पण त्यात जेवण्याच्या काड्या भातात उभ्या खुपसल्या की आजी पोराला धपाटा घालते, तिथं टीप. पांघरुणाखाली निखाऱ्याचं भांडं ठेवतात, तिथं टीप. वाळूतून लोखंड कसं होतं, त्यावर तर दीड पानाची टीप. ती निरंजनरावांनी सांगितलेली होती आणि तिच्यात सिलतऱ्याचं सगळं रसायन ओतलेलं होतं.

पत्रानंतर चौथ्या दिवशी बाईच्या अंगात आलं. टिपाच नकोत ना? मग सगळं आपल्याकडचंच करून टाकते! निखाऱ्याच्या भांड्याची केली गोरसी, आपल्याकडं हिवाळ्यात खाटेखाली ठेवतात ती. परसिमनचं केलं तेंदू. उस्तादाच्या न्याहारीला दिली बोरे-बासी, पाण्यात भिजवलेला शिळा भात. दोन दिवसांत दीडशे टिपा उडाल्या, आणि बाईनं नवऱ्याला वाचून दाखवलं.

निरंजनराव इतके हसले की चष्मा चहात पडला. "अवं, जपान्यांले बोरे-बासी काहून खाऊ घालून राहिली? उद्या त्याईले करमा नाचाले लावशीन!"

"हसू नका. तेंदू अन् थे फळ एकाच खानदानातले हायेत. पुस्तकात दिलं हाय."

"असतीन. पण तूच लिहिलं का सोलून दोरीले टांगून वाळू घातले. तेंदू सोलून कोन टांगते वं? अभनपुरातलं शेंबडं पोट्टंबी म्हणन, हे बाई कधी जंगलात गेली नाही."

बाईनं कागद गोळा केले. खरं होतं ते, म्हणून जास्त लागलं.

छत्तीसगढ राज्य नवं होऊन तिसरं वर्ष सुरू होतं. राजधानी झाली म्हणून जो तो रस्ता खणत होता, आणि जुन्या पाट्यांवर नव्या राज्याचं नाव रंगवणाऱ्यांचे बरे दिवस होते. सदर बाजारात तर स्कूटरवाल्यांना पाय टेकायला जागा नव्हती. त्या गर्दीतनं प्रेमलाबाई विळीला धार लावायला निघाल्या. पिशवीत विळी आणि झेरॉक्सला द्यायचे कागद. सोनारांच्या दुकानांमागच्या बोळात शंकरचं ठाण होतं. शंकर अगरिया, मैकल डोंगराकडचा, साठीचा. विळे, कोयते, कात्र्या, सगळ्याला धार लावायचा. त्याच्या बापजाद्यांनी मातीच्या भट्टीत दगड वितळवून लोखंड काढलं होतं. हे बाईला ठाऊक होतं, पण आजवर त्याचा आणि आपल्या जपान्यांचा काही संबंध असेल असं डोक्यात आलं नव्हतं. चार वर्षं शब्दकोशात नाक खुपसलं की शेजारची चूल दिसत नाही.

"बइठ दीदी. टाइम लागही. का कागद आय?"

"कहानी हाय. जपानची. भट्टीची."

"हमर असन भट्ठी?" शंकर हसला. "त सुना ना."

मग बाई स्टुलावर बसून मराठी वाचत गेल्या आणि छत्तीसगढीत सांगत गेल्या. भातात काड्या उभ्या केल्या, आजीनं धपाटा घातला. शंकरनं नुसती मान हलवली, मेलेल्याच्या नावाचा भात प्रत्येकाच्या घरी असतो. पायाचा भाता आला तेव्हा त्यानं बसल्या बसल्या दोन्ही पाय आळीपाळीनं दाबून दाखवले. तिसऱ्या रात्री भट्टी आतून बोलायला लागते आणि म्हातारा पहिल्यांदा हसतो, त्या जागी बाई अडखळल्या. तिथंच ती दीड पानाची टीप होती.

"हव," शंकर म्हणाला, विळीवरनं नजर न काढता. "पेज चुरथे न, तइसने बोलथे. मोर ददा घलो कान लगाके सुनय. त समझ ले, लोहा बनगे."

दीड पान रसायन, आणि ह्या माणसानं पेजेच्या एका भांड्यात बसवलं. बाईनं पेन काढलं आणि समासात लिहिलं: पेज खदबदावी तशी.

पुढं गोष्ट अशी होती की भाता तुडवणारे दोघं तापानं पडतात. पोरगी धावत डोंगर चढून येते, मी तुडवते म्हणते. म्हातारा दगड उचलून तिला मारतो, हाकलून लावतो. पुढं जन्मभर बापलेक बोलत नाहीत.

धार लावायचं चाक थांबलं.

"पथरा काबर मारिस?"

"अरे, बाईमानूस ना. भट्टीजवळ चालत नाही."

"काबर नइ चलय?" शंकरचा आवाज चढला. "हमर इहां त दाई घलो धौंकनी खूंदय. मोला पीठ म बांधके खूंदय! ये डोकरा बने मनखे नइये, दीदी. तें काबर लिखे ओकर कहानी?"

ज्याच्या आईनं त्याला पाठीशी बांधून भाता तुडवला तो म्हणतो, म्हातारा चांगला माणूस नाही! म्हातारा चांगला नसेल तर कादंबरीच उरत नाही. दोनशे बारा टिपा लिहिल्या, आणि ह्या जागी एकही नव्हती. काहून नव्हती? कारण बाईला वाटलं, हे तर आपल्याकडंही आहे. बायकांना देवळात अमुक ठिकाणी बंदी, अमुक दिवशी बंदी. वाचणारा आपोआप समजेल. आणि वाचणारा समजला असता ते चूक. विटाळ समजला असता. परकं दिसलं तिथं बाई ओझं घेऊन धावल्या, आणि जे आपल्यासारखं दिसलं तिथं डोळे मिटून पुढं गेल्या.

"विटाळ नाही रे," त्या म्हणाल्या. "ऐक. त्यांच्या भट्टीची जी देवी हाय ना, कानायागो, ते बाई हाय. अन् जलनकुकडी हाय. दुसरी बाई भट्टीपाशी दिसली का तिच्यावर कोपते. जीव घेईन म्हणून बाप भेला."

शंकर पिवळे दात दाखवून खो खो हसला.

"अच्छा! त टुरी ला बचाए बर मारिस! अइसे बोल ना. त डोकरा बने हे." आणि चाक पुन्हा फिरायला लागलं.

बाई पुढचे तीन दिवस रोज तिथं जाऊन बसल्या. घरात धार लावण्याजोगं काही उरलं नाही, तेव्हा शेजारच्या पूर्णिमाच्या कात्र्या नेल्या. कायदा एकच केला: शंकर 'काबर', म्हणजे का, म्हणाला तिथं टीप, नाही म्हणाला तिथं नाही. बोरे-बासी गेली, भात परत आला. गोरसी गेली, निखाऱ्याचं भांडं परत आलं. ते पायाशी ऊब देतं एवढं वाक्यातच सांगून टाकलं. परसिमन झालं 'तेंदूच्याच जातीचं, पण पेरूएवढं फळ'. शेवटी टिपा उरल्या नऊ, आणि त्यातली पहिली देवीची.

जाडजूड पाकीट नागपूरला गेलं आणि बाईचं घरातलं लक्ष गेलं. फोन वाजला की धावायच्या. एकदा गॅसवाला निघाला, दोनदा निरंजनरावांचे सिलतऱ्याचे दोस्त. मुदत संपायला दोन दिवस राहिले, आता हस्तलिखित परत येणार असं बाईनं मनाशी ठरवूनही टाकलं. माळ्यावरची एक ट्रंकही त्यासाठी खाली काढून रिकामी केली.

सकाळी साडेदहाला फोन आला तेव्हा बाई लाल भाजी चिरत होत्या. हात लालभडक.

"मावशी, मी गंधाली. नऊच?"

"कमी झाल्या का वं?"

"अहो नाही! मी एका रात्रीत वाचलं. मागच्या वेळी म्हातारा मला आवडलाच नव्हता, सांगायला संकोच वाटत होता. दुष्ट वाटला होता. ह्या वेळी दगड मारतो तिथं मी कागद बाजूला ठेवून पाणी प्यायला उठले. आठवड्यात टाइपसेटिंगला देते."

बाईनं काय उत्तर दिलं ते त्यांना नंतर आठवेना. रिसीव्हरवर लाल बोटं उमटली, ती पदरानं पुसली, पदर लाल झाला. खुर्चीत बसल्या, तेव्हा कळलं की महिनाभर खांदे कानापाशी चढवून ठेवले होते. ते आता खाली आले.

"काय म्हणे पोट्टी?" वर्तमानपत्रामागून आवाज आला.

"छापते म्हणे."

"अन् माही दीड पानाची टीप?"

"थे पेजेत बुडाली."

"वा! इतकी वर्षं भट्टीपुढं भाजलो, अन् पेज!" पण वर्तमानपत्र थरथरत होतं; मागं माणूस हसत होता.

"शंकरले एक पुस्तक द्या लागन," बाई म्हणाल्या. "वाचता येत नाही त्याले, पन द्या लागन. अन् ऐका, ट्रंक परत माळ्यावर टाका. मले रस्त्यात नको."

मग त्या पाटावर बसल्या, विळी पायाखाली दाबली आणि उरलेली जुडी पुढं ओढली. धार अशी लागली होती की देठं नुसती टेकवली तरी तुटत होती.