तांबडू दगडाआड आहे

खाऱ्या पाण्याच्या टाकीच्या काठावर मीठ साचतं. सकाळी ओल्या फडक्याने पुसावं, संध्याकाळी पांढरी रेघ पुन्हा हजर. आमच्या मंडळींत किस्से तसेच साचले आहेत. पुसून टाकावेत असं मला फार वाटतं, कारण बहुतेकांत मूर्ख मीच ठरलो आहे. शिवाय मी तंजावरचा. घरात मराठी बोललो, शाळेत तमिळ लिहिलं, देवनागरी साठीनंतर शिकलो. त्यामुळे लिहितानाही धास्ती असते. पण माधवराव म्हणाले, "तुम्ही नाही लिहिलंत तर मी सांगत सुटेन, आणि मी वाढवून सांगतो." म्हणून लिहितो.

मंडळी म्हणजे चौघं. मी, रसायनशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. माधवराव, ओरत्तनाडूच्या तालुका कचेरीतून निवृत्त झालेले. पापनाशमला राहतात आणि दर रविवारी बसने माझ्याकडे कॉफीला येतात. वसंता, दातांची डॉक्टर, तिच्या दवाखान्यात टाकी आहे. आणि मुरुगेसन, ज्याच्या दुकानातून आम्ही तिघं मासे आणतो आणि मासा मेला की ज्याला दोष देतो.

वेड सगळ्यांना एकच. समुद्रातले बुटके एंजल मासे. बोटाएवढे, भडक रंगांचे, दिवसभर दगडावरचं शेवाळ टोचत हिंडणारे. आमच्यापासून समुद्र दोन तासांवर, आणि हे मासे त्या समुद्रातलेही नव्हेत.

* * *

माझा पहिला मासा घाईने गेला. टाकी मुरायला महिने द्यावे लागतात, मी तीन आठवडे दिले.

दुसऱ्याच्या वेळी मी सगळं वहीत लिहून करत होतो. तरी आधी कोळंबी मेली, मग गोगलगायी. मी पाणी चारदा तपासलं. खारटपणा ठीक, तापमान ठीक, अमोनिया शून्य. पाचव्यांदा तपासत होतो तेव्हा मासा कोपऱ्यात धापा टाकू लागला.

मुरुगेसन स्कूटरवरून धावत आला. त्याने टाकीकडे पाहिलंसुद्धा नाही. "सार, पाणी आटलं की वरून घालता ते फिल्टरचं पाणी कशात साठवता?"

मी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. आमच्या घरात चांगलं पाणी म्हणजे तांब्याच्या हंड्यातलं. आई तसंच ठेवायची, तिची आई तसंच ठेवायची. मीही फिल्टरचं पाणी रोज सकाळी त्याच हंड्यात भरत होतो, आणि वर झाकण ठेवत होतो, धूळ जाऊ नये म्हणून. समुद्रातल्या या जीवांना तांबं म्हणजे विष.

दुपारी मासा गेला. कमलाने, माझ्या बायकोने, डोक्यावरून अंघोळ केली आणि मलाही करायला लावली. घरातला जीव गेला होता. केस पुसता पुसता तिने विचारलं, "अहो, तुमची पीएचडी कशावर होती?"

तांब्याच्या क्षारांवर.

* * *

त्याच संध्याकाळी तिने अट घातली. "दोन झाले. तिसरा गेला तर अंघोळ नाही. टाकीच बाहेर."

कमला चेष्टेत बोलत नाही. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिने माझी सिगारेट अशाच एका वाक्यात बंद केली होती. आणि टाकी गेली तर सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत मी काय करायचं, हे मला ठाऊक नव्हतं. आजही नाही.

तिसरा मासा मुरुगेसनने निवडून दिला. लालभडक अंग, त्यावर उभे काळे पट्टे. मी भीतीपोटी त्याला नाव ठेवलं नाही. कमलानेच एक दिवस शेंगा सोलत टाकीसमोर बसून त्याला "काय रे तांबडू" म्हटलं, आणि तेच राहिलं.

* * *

आमचं घर शाकाहारी. हा मासा शेवाळ खातो, असं सांगून मी त्याला घरात घेतलं होतं. हे अर्धंच खरं. त्याला कोळंबीच्या जातीचे, तांदळाएवढे, काळ्या डोळ्यांचे किडेही लागतात. त्यांच्या गोठवलेल्या वड्या मिळतात. मी त्या डब्यात घालून आमच्याच फ्रीजमध्ये, अगदी वर, मागे ठेवल्या. डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'हात लावू नये'. नुकतीच देवनागरी शिकलो होतो, त्या हौसेने देवनागरीत लिहिलं.

ती लिपी त्या घरात मला सोडून कुणालाही वाचता येत नाही.

कमलाची धाकटी बहीण शकू कुंभकोणहून आली, ती उन्हाने डोकं धरूनच. बर्फ शोधत तिने फ्रीज उघडला. एक वडी रुमालात घेतली, आरामखुर्चीत डोळे मिटून पडली आणि कपाळावरून फिरवू लागली. "बरं वाटतंय अक्का," म्हणाली. मी शेजारी पेपर वाचत होतो. मी पेपर खाली घेतला, पाहिलं, आणि पेपर पुन्हा वर धरला.

थोड्या वेळाने तिने रुमाल उघडून पाहिलं. वडी वितळत आली होती. शकूने रुमाल डोळ्यांजवळ नेला.

"अक्का," ती हळूच म्हणाली, "हा बर्फ माझ्याकडे बघतोय."

त्या दिवशी आम्ही तिघांनीही डोक्यावरून अंघोळ केली. टाकी गेली, असं मी धरून चाललो. दुसऱ्या दिवशी कमलाने मागच्या खोलीतला जुना छोटा फ्रीज धुऊन चालू केला. मला वाटलं, आता माझं जेवण त्यात. पण तिने दारावर कागद चिकटवला आणि तमिळमध्ये लिहिलं, 'तांबडू'.

* * *

आता माधवरावांचं. त्यांनी पिवळाधमक बुटका एंजल घेतला. मुरुगेसनलाही तो घाऊक माल देणाऱ्याने तसाच म्हणून दिला होता. माधवरावांनी सगळ्या पापनाशमला तो बोलावून दाखवला. असा लिंबाच्या सालीसारखा रंग तालुक्यात कुणाकडे नाही, म्हणाले.

चार महिन्यांनी रंग मळका दिसू लागला. त्यांनी मला फोन केला, "पाण्यात काही खोट आहे का?" मला लगेच वाटलं, मीच काहीतरी चुकीचं सांगितलं असणार. मी रात्रभर माझी वही तपासली. सहा महिन्यांत मासा चॉकलेटी झाला. मग शेपटीला दोन टोकं फुटली. मग तो वीतभर झाला आणि टाकीत मावेना.

शेवटी मी एका शोधनिबंधात वाचलं. दुसऱ्याच जातीचा एक मासा लहानपणी हुबेहूब पिवळ्या एंजलचं रूप घेऊन वावरतो. मोठा झाला की वेष उतरवतो. ओळखायची खूण एकच: खऱ्या एंजलच्या गालावर काटा असतो, याच्या नसतो.

माधवरावांनी हे ऐकलं आणि कॉफीचा टंबलर खाली ठेवला. त्यांचा चेहरा पडला होता.

"छत्तीस वर्षं दाखले तपासले मी. शिक्का बघून सांगायचो, खरा की खोटा. एक माणूस मला फसवून गेला नाही. आणि हा माझ्या घरात, माझ्या हातचं खाऊन, सहा महिने राहिला?"

"त्याचं काय केलंत मग?" वसंताने विचारलं.

"काय करणार? मोठी टाकी घेतली."

* * *

वसंताच्या दवाखान्यात दोन जांभळ्या एंजल होत्या, दोघी माद्या. मोठीला तिने गंगा म्हटलं, धाकटीला यमुना. खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या माणसाला त्या समोर दिसत. एका रविवारी ती आली ती पांढरी पडूनच.

"गंगा नर झाली."

माधवरावांना ठसका लागला. मला हे वाचून माहीत होतं, पण वाचणं वेगळं आणि ओळखीच्या गंगेचं तसं होणं वेगळं. या माशांत सगळ्या जन्मतः माद्या. एकत्र ठेवल्या की त्यांतली एक नर होते.

"पण कोण व्हायचं, हे ठरवतं कोण?" माधवरावांनी विचारलं. तालुका कचेरीतला माणूस, कुणाची तरी सही लागत असणार असं त्यांना वाटलं.

"कुणी नाही," वसंता म्हणाली. "जी अंगाने मोठी, जी बाकीच्यांना दटावते, आधी खाते, जिच्या मनाविरुद्ध काही होत नाही, ती."

कमला कॉफी घेऊन आली होती. तिने माझ्याकडे पाहिलं.

"मग आमच्या घरात हे कधीच व्हायला हवं होतं," ती म्हणाली आणि आत गेली.

* * *

आणि मागच्या महिन्यातलं. तांबडू दिसेनासा झाला.

टाकीतले दोन दगड मी हलवले होते, जराच, पाण्याचा प्रवाह नीट व्हावा म्हणून. त्यानंतर तो दिसलाच नाही. पहिल्या दिवशी कमलाने विचारलं, "कुठाय?" मी म्हणालो, "दगडाआड आहे." दुसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी तिने विचारणंच बंद केलं, तेव्हा मला जास्त भीती वाटली. मी टॉर्च घेऊन प्रत्येक कपारीत पाहिलं. टाकीच्या मागे फरशीवर पाहिलं. आठवड्यात मला जेवण जाईना.

शुक्रवारी ती देवळात गेली. मी मुरुगेसनकडे गेलो. तांबडूसारखाच, तेवढाच, एक मासा मागितला. मुरुगेसन पिशवीत पाणी भरता भरता थांबला, माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होता, मग नुसताच हसला. मला वाटलं, माझी कीव आली त्याला. घरी येऊन मी पिशवी तासभर टाकीत तरंगत ठेवली, दर दहा मिनिटांनी तीत टाकीतलं थोडं थोडं पाणी घातलं, आणि कमला देवळातून परतायच्या आत मासा सोडला. तो थेट दगडाआड गेला.

पन्नास वर्षांच्या संसारात मी तिच्याशी एवढं मोठं खोटं बोललो नव्हतो.

शनिवारी सकाळी लाल अंग चमकलं. "आला!" मी ओरडलो. कमलाही धावत आली. "आला, आला," म्हणाली. जरा जास्तच खूश दिसली.

रविवारी सगळे जमले. वसंता टाकीसमोर बसली होती. "बरा दिसतोय," म्हणाली. मग वाकली. "सार, हा डावीकडचा कोण?"

डावीकडे दुसरा होता. म्हणजे जुना जिवंत होता! आता सांगावं लागणार. मी तोंड उघडलं, तेवढ्यात मागच्या कपारीतून आणखी एक बाहेर आला, सगळ्यांत मोठा, आणि दोघांना दटावत पुढच्या काचेशी येऊन उभा राहिला.

माधवरावांनी बोटाने मोजलं. पुन्हा मोजलं. "तीन," ते म्हणाले.

मुरुगेसन पंख्याकडे बघत होता.

"मी एकच आणला होता," मी म्हणालो.

कमलाने कॉफीचा ट्रे खाली ठेवला आणि पदराने हात पुसले.

"मीपण एकच," ती म्हणाली.