रंधाताईची डबी

सभागृहाच्या सुतारणीला सगळे रंधाताई म्हणत. लाकूड आणि माणूस, दोन्ही ती सारख्याच हाताने तासायची. स्टेजची लाकडी जमीन तिने एकटीने घातली होती, दोन महिने गुडघ्यांवर बसून. त्या जमिनीला कुणी नावं ठेवली की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आज तीच नावं ठेवली गेली होती. बावीस जणांचा तंतुवाद्यवृंद जुन्या रशियन रचनांचं रेकॉर्डिंग करायला आला होता. दोन जलद तुकडे सकाळीच पार पडले. तिसरा संथ. त्यात डबलबासचा, त्या माणसापेक्षा उंच व्हायोलिनचा, सगळ्यात खालचा सूर लागला, की कुठून तरी झर्रर्र.

"जमीन वाजतेय," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "दुपारपर्यंत थांबलं नाही तर आम्ही दुसरं सभागृह बघतो."

व्यवस्थापकाने लगेच री ओढली. "मग उखडूनच टाकू. नाहीतरी सिमेंट ओतून गालिचा टाकायचं चाललंच होतं."

"गालिचा टाक तुझ्या टकलावर!" रंधाताई उसळली. "माझी फळी वाजत नाही. वाजतंय ते ह्यांचं धूड." तिने म्हाताऱ्या डबलबासवाल्याकडे बोट केलं. "सांध्यांत खिळखिळं झालंय. मालकासारखंच."

"मालकाचं खरंय, ताई," म्हातारा म्हणाला. "धुडाचं बघतो."

तिने फळी न् फळी ठोकून पाहिली. एकही पोकळ बोलेना. मग पुन्हा टेक, तोच तुकडा पहिल्यापासून. पंखे बंद, सगळ्यांचे बूट बाहेर, खोकायचीही चोरी. गप्प बसणं हे एकच काम तिला आयुष्यात जमलं नव्हतं. बोटं चुळबुळत होती, पोटरीला मुंग्या आलेल्या. शेवटी ती पडद्याआड पालथी पडली आणि फळीला कान लावला.

झर्रर्र. फळीत नव्हे. फळीखाली.

आणि तिला आठवलं. डबी!

ही तिच्या बापाची शिस्त. जमीन बंद करण्याआधी तिच्याच फळ्यांच्या मापाचे मूठभर स्क्रू पत्र्याच्या डबीत घालून आतल्या तुळईवर ठेवायचे. पुढे दुरुस्तीला येईल त्या सुताराला दारोदार हिंडावं लागू नये. बाप घरांच्या जमिनी घालायचा. घरात कोण डबलबास वाजवतंय?

टेक संपताच ती बाजूच्या झडपेतून खाली शिरली. डबी होती तिथेच, धुळीची टोपी घालून. उचलून खिशात टाकायची, वर जाऊन सांगायचं, एक फळी आवळली. कोण विचारणार होतं? जमीन वाचली असती, अब्रूही.

तेवढ्यात डोक्यावर ठक, ठक. ती कानोसा घेत राहिली. म्हातारा आपल्या वाद्याचे सांधे बोटाने ठोकून बघत होता. पुन्हा ठक, पुन्हा एक सूर, पुन्हा ठक. ती बोलली म्हणून.

"च्यायला," ती पुटपुटली आणि वर आली.

"ओ काका, सोडा त्याला, ते धडधाकट आहे." तिने सगळ्यांसमोर डबी खुळखुळवली. "हे वाजत होतं. मीच ठेवलेलं. जमीन चांगली आहे, सुतारीण गाढव आहे." व्यवस्थापक दात काढू लागला. "दात आत घे. गालिचा तरीही येणार नाही."

म्हातारा मनापासून हसला. "ताई, आमच्यात ह्या डबीइतकं सुरात कुणीच नव्हतं."

पुढचा टेक नऊ मिनिटांचा. डबी मांडीवर, आत कोंबलेली मूठ, स्क्रू बोटांना टोचताहेत. खालचा सूर आला. तिने श्वास रोखला. सूर नुसता सूरच राहिला, तळव्यातून गुडघ्यापर्यंत चढला आणि ओसरला. पुन्हा येईल तेव्हा? तेव्हाही? रेकॉर्डिंगचा लाल दिवा विझेपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. रेकॉर्डिस्टने अंगठा वर केला.

तिने डबीत चिंध्यांचा बोळा गच्च कोंबला आणि झडप उघडली.

"परत तिथेच?" व्यवस्थापक ओरडला.

"मग काय तुझ्या कपाटात? माझ्यामागून येईल त्याला लागेल," ती म्हणाली आणि खाली उतरली.