कुत्रं बातमी अंगावर आणतं

कुत्रं पाळणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते कुत्र्याच्या अंगाला चिकटून आपोआप घरी येतात आणि साबणाने जातही नाहीत. सोलापुरात तलावाकाठी सकाळी कुत्री फिरवणारी आमची चौघांची टोळी आहे. मी शाळेतून रिटायर झालेली बाई, बँकेतले देशमुखसाहेब, चादरीच्या कारखान्यात हयात घालवलेले अंबादासकाका आणि एका अपार्टमेंटचा वॉचमन बिराप्पा. बिराप्पाचं स्वतःचं कुत्रं नाही, तो सोसायटीचं फिरवतो. चौघं जमलो की बोलणं फिरून एकाच गोष्टीवर येतं. आज कोणाचं कुत्रं कशात लोळलं?

तुम्ही म्हणाल, हा काय विषय झाला. खुशाल म्हणा. मेलेल्या माशावर पाठ घासणारं कुत्रं ज्याने पाहिलं नाही, त्याला समाधान कशाला म्हणतात ते कळायचं आहे.

*

आधी माझाच सांगते. माझी राणी गावठी आहे, पण तिला शाम्पूने आंघोळ घालायची हौस मला. एका रविवारी तासभर खपून तिला लख्ख केली. सोमवारी इंजेक्शनची तारीख होती म्हणून चालत दवाखान्याकडे निघालो. वाटेत म्हशीचं ताजं शेण दिसलं आणि राणीने आधी मान, मग खांदा, मग सगळी पाठ त्यात घातली. मी ओढायला गेले. ओढता ओढता माझी साडीही त्याच रंगाची झाली.

चालवेना म्हणून रिक्षा थांबवली. रिक्षावाल्याने आम्हा दोघींकडे नीट पाहिलं आणि अतिशय गंभीरपणे विचारलं, "बाई, लोळलंय नेमकं कोण?"

*

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंना मी चिडूनच विचारलं, की कुत्री असं का करतात. त्या म्हणाल्या, "खरं सांगू? पक्कं कोणालाच माहीत नाही. कोणी म्हणतं, शिकारीला जाताना स्वतःचा वास लपवायची जुनी खोड. कोणी म्हणतं, आपण अत्तर लावतो तसंच. आणि कोणी म्हणतं, कुठे काय सापडलं ते बाकीच्या कुत्र्यांना सांगायला."

दुसऱ्या दिवशी तलावावर मी हे तिन्ही तर्क सांगितले. देशमुखसाहेबांना अत्तर पटलं. बिराप्पा मात्र हसला. तो सांगोल्याकडचा, मेंढरांमागे वाढलेला. म्हणाला, "ह्यात काय इचारायचं, बाई? कुत्र्याला बोलता येत न्हाय. मग बातमी अंगावर घिऊन येतंय. आमची आई सकाळच्या पारी आदी कुत्र्याची मान हुंगायची. लांडग्याचा वास आला तर त्या अंगाला मेंढरं न्यायची न्हाय. न्हाय आला तर म्हनायची, सोडा."

"आणि कधी चुकली?" मी विचारलं.

"आई? एकदा सर्दी झालती तवा. तीन कोकरं गेली."

आम्ही हसलो. अंबादासकाका हसले नाहीत. त्याचं कारण मला तेव्हाच कळायला हवं होतं.

*

काकांच्या घरी शेंगाची चटणी व्हायची. ती करायच्या पद्माकाकू. तेलुगू घरातल्या, बोलायला मोजक्या आणि नाकाने तिखट. शेंगदाणे भाजताना त्या कढईत बघायच्या नाहीत, भिंतीकडे तोंड करून बसायच्या. रंग फसवतो म्हणायच्या. वास आला की एकदम उठून कढई उतरवायच्या. अर्धी गल्ली ती चटणी न्यायची आणि नव्या पेठेतल्या एका दुकानातही ती जायची.

मग साथीचा तो ताप येऊन गेला. काकू वाचल्या, पण नाक गेलं. पहिल्यांदा भाजायला बसल्या त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि बसूनच राहिल्या. घरात धूर झाला तेव्हा शेजारीण धावत आली. काकूंनी ती कढई घासली, पुसली आणि माळ्यावर टाकली. नाक आलं तरच ती खाली येईल, असं म्हणाल्या.

तेव्हापासून दूध नासलं का, गॅस सुरू राहिला का, हे काका हुंगतात. "जन्मभर मागाच्या खडखडाटात बसून माझे कान गेले, तिचं नाक गेलं," ते म्हणतात, "दोघांत मिळून एक माणूस चालवायलोय बघा."

*

आता देशमुखसाहेबांचा सांगते, नाहीतर ते रुसतील. त्यांचा लॅब्राडॉर ब्रूनो हा आमच्यातला श्रीमंत. त्याचा शाम्पूही परदेशी. साहेबांच्या मुलीला बघायला श्रीपूरहून पाहुणे येणार होते. मुलाचे वडील साखर कारखान्यातून रिटायर झालेले, फार कडक माणूस अशी ख्याती. साहेबांनी घरात गुलाबपाणी शिंपडलं, ब्रूनोला न्हाऊ घातलं आणि मागच्या बागेत बांधलं. त्याच बागेत माळ्याने मागाहून खत म्हणून मळीचा ढीग ओतला, हे त्यांना माहीत नव्हतं. मळी म्हणजे उसाच्या रसातला कारखान्यात उरणारा गाळ. तिचा वास ज्याने घेतलाय त्याला सांगायला नको, आणि ज्याने घेतला नाही त्याला सांगून कळणार नाही.

पोह्यांच्या बश्या आल्या आणि त्यांच्यामागून पट्टा तोडून ब्रूनो आला. थेट व्याह्यांच्या पांढऱ्या पॅन्टला अंग घासून त्यांच्या पायांवर बसला. साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. व्याही मात्र वाकले, ब्रूनोच्या पाठीवरून हात फिरवला आणि तोच हात नाकाशी नेला.

"मळी हाय की," ते म्हणाले. "तीस वर्षं ह्याच वासात भाकरी खाल्ली. रिटायर झाल्यापासून घरात जेवण गोड लागंना."

मग त्यांनी दुसऱ्यांदा पोहे मागून घेतले. लग्न जमलं. माळ्याला मुलीकडून कपडे झाले.

*

काकांचा मोतीही लोळणाऱ्यांतलाच, पण तो कधी घाण अंगाने घरात गेला नाही. काका त्याला गल्लीच्या तोंडाशी, नळाच्या कट्ट्यावर चोळून चोळून धुवायचे. थंडीत, अंगात ताप असतानासुद्धा. मी एकदा म्हटलं, "काका, काकूंना तर वास येत नाही. घरात नेऊन सावकाश धुवा की."

काका म्हणाले, "म्हणूनच."

मग त्यांनी सांगितलं. ताप येऊन गेल्यावर सहाएक महिन्यांनी काकूंच्या माहेरची माणसं आली होती. कपाटामागे उंदीर मेलेला होता. काका त्या दोन दिवसांत बाहेरगावी होते, त्यामुळे हुंगायला कोणी नव्हतं. काकू चहा घेऊन आल्या तर वहिनीने पदर नाकाला लावलेला. काकूंनी फक्त चेहरे वाचले. ज्या बाईचं घर गल्लीत सगळ्यात स्वच्छ म्हणून नावाजलेलं, तिला स्वतःच्या घराला वास येतोय हे पाहुण्यांच्या तोंडावरून कळावं. त्या दिवसापासून त्या कोणाला उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. शेजारणीशीही दार अर्धं लोटून बोलतात.

मलाही सहा वर्षांच्या ओळखीत आतलं घर दिसलेलं नव्हतं. मी त्याला तिरसटपणा समजत होते. उगाच खोटं कशाला बोलू, मनात एकदोनदा नावंही ठेवली होती.

*

हा पुढचा किस्सा काकांनी एकदाच सांगितला आणि आम्ही तो पुन्हा कधी काढला नाही.

कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की नाकाला रोज वास दाखवत राहिलं की ते परत येतं. काका रोज काहीतरी न्यायचे. कापूर, कॉफी, उदबत्ती. काकू डोळे मिटून हुंगायच्या आणि मान हलवायच्या, नाही. असं कितीतरी महिने चाललं. मग एका संध्याकाळी मोगऱ्याच्या पुडीला नाक लावून काकू म्हणाल्या, "येतोय."

काकांना काय करू नि काय नको झालं. आठ दिवस रोज मोगरा आणला. रोज काकू म्हणाल्या, येतोय. पण कढई काही माळ्यावरून उतरेना. नवव्या दिवशी काकांनी फुलं खिशात ठेवली आणि कोऱ्या कागदाची रिकामी पुडी बांधून त्यांच्या नाकाशी धरला.

"येतोय," काकू म्हणाल्या. "आज जास्तच येतोय."

एवढं सांगून काका म्हणाले, "मी तिला कळू दिलं न्हाई. पण त्या दिवसापासून आणायचं बंद केलं. माझ्यासाठी खोटं बोलायला लागायली बिचारी."

*

आता शेवटचा. हा यंदाच्या उन्हाळ्यातला.

तलावाचं पाणी आटलं होतं आणि काठाला मासे मरून पडले होते. राणीला मी आवळून धरली. मोती सुटला. तो अशा ठिकाणी लोळला की बिराप्पानेही, ज्याने आयुष्यात काय काय हुंगलंय, तोंड फिरवलं. त्यात आमच्याकडे नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांआड, आणि तो पाळीचा दिवस नव्हता. गल्लीच्या तोंडाचा नळ कोरडा. काका रडकुंडीला आले. मी आणि बिराप्पा सोबत गेलो. ठरलं असं की मोतीला बाहेर खांबाला बांधायचं आणि शेजारून बादलीभर पाणी मागायचं.

बिराप्पा पाणी आणायला गेला. काका गाठ मारत होते. मोतीने मान मागे घेतली, पट्ट्यातून डोकं काढलं आणि अर्धं लोटलेलं दार ढकलून आत गेला. त्याच्यामागे काका धावले आणि काकांच्या मागे मी. उंबरा ओलांडला हे मला नंतर लक्षात आलं.

काकू जमिनीवर बसून गवार मोडत होत्या. मोती त्यांच्या मांडीत शिरला. काकूंचा हात थांबला. मान झटक्यात मागे गेली आणि तोंडातून त्यांच्या माहेरच्या भाषेतलं बाहेर पडलं, "छी! कंपु!"

काका जागच्या जागी उभे राहिले. सोलापुरात राहून तेवढं तेलुगू मलाही कळतं. कंपु म्हणजे दुर्गंधी.

"काय म्हणालीस?" काकांनी विचारलं. कानांनी अधू माणूस, त्यांनी खरंच विचारलं.

काकूंनी मोतीची मान दोन्ही हातांत धरली, जवळ ओढली आणि नाक लावलं. बाजूला केलं. पुन्हा लावलं. मग डोळ्यांतलं पाणी न पुसता काकांकडे बघून म्हणाल्या, "मासे कुजलेत. कुजून दोन दिवस झालेत."

काका खाली बसले. भिंतीला टेकून, लहान मुलासारखे रडायला लागले. एवढा वास, तरी मला तिथून हलावंसं वाटेना.

दार सताड उघडं होतं. गल्लीतली माणसं नाकाला रुमाल लावून आत डोकावत होती. तेवढ्यात बिराप्पा भरलेली बादली घेऊन उंबऱ्याशी आला. सगळ्यांकडे पाहत त्याने हळूच विचारलं, "काकू, पानी आनलंय. धुऊ का त्याला?"

काकूंनी मोतीला आणखी घट्ट धरलं.

"थांब की," त्या म्हणाल्या. "अजून घेऊ दे."