पिपलानीत, एका अकीक्याला

"ताईला मुलगी झाली. अकीका आहे, ये. मटण खातेस ना, मग ते कसं होतं तेही बघून जा," असा नसीमचा फोन आला आणि मी पुण्याहून भोपाळची गाडी पकडली. नसीम माझी शाळेतली मैत्रीण. आमच्या दोघींचे वडील भोपाळच्या पिपलानी भागातल्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते, क्वार्टर्स समोरासमोर. तिचे अब्बू, रशीदकाका, मूळचे अकोल्याचे, त्यामुळे घरात मराठी-हिंदीची खिचडी. अकीका म्हणजे बाळ झाल्याबद्दल अल्लाहचे आभार मानून दिलेली कुर्बानी.

स्टेशनवरून पिपलानीला सिटी बसनेच जा. रिक्षापेक्षा खूप स्वस्त, आणि टाउनशिपची जुनी झाडं निवांत बघता येतात. चौकात उतरून बडीशेप घातलेले पोहे आणि गरम जिलबी खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका.

काकांनी निवृत्तीनंतर जवळच घर बांधलंय. अंगणात नसीम बकऱ्याला पाणी पाजत होती. काका मात्र आतल्या खोलीत सुरीला धार लावत बसले होते.

"बाहेर उजेडात बसा ना, काका."

"त्याच्यासमोर धार लावायची नाही, बेटा. त्याला भीती दाखवायला मनाई आहे."

मी विचारलं, दुकानातलं हलाल मटण का नाही चालत?

"रोज तेच खातो की. पण हा अकीका आहे, जनावर बाळाच्या नावानं द्यावं लागतं. जीव अल्लाहचा, आपला नाही. त्याचं नाव घेतल्याशिवाय आपल्याला हात लावायचा हक्क नाही."

घरातली प्रत्येक कुर्बानी काकांनी स्वतः केली होती. पण गेल्या आजारपणापासून त्यांचा हात थरथरतो. बाळाचे वडील आसिफभाई रक्त बघूनच पांढरे पडतात. त्यांनी कसायाला बोलवायचं सुचवलं, तर काका म्हणाले, "नातीचं मीच करणार."

बकऱ्याला किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, तोंड करून अलगद आडवं केलं. आसिफभाईंनी डोळे मिटून पाय धरले. काका वाकले. सुरीचं टोक स्थिर राहीना. ते तसेच थांबले, मग सरळ उभे राहिले.

"नाही. माझा हात अडला तर त्याचे हाल होतील."

 मग नसीम पुढे आली. "अब्बू, मी करते. कोंबड्या कापल्यात मी."

"मुलगी?" शेजारच्या खाला पुटपुटल्या.

"मुलीनं केलेलं चालतं," काका म्हणाले. त्यांनी सुरी तिच्या हातात दिली. "हात थांबवू नकोस."

"बिस्मिल्लाह, अल्लाहु अकबर." सुरी एकदाच, न थांबता फिरली. मला वाटलं होतं लगेच कापाकापी सुरू होईल. पण बकरा पूर्ण शांत होईपर्यंत कोणी हललं नाही. नसीमचा तळवा त्याच्या मानेवर होता आणि ती रडत होती. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो थरथरतच होता.

दुपारी मटणाचे वाटे शेजारीपाजारी आणि गरजू घरांत गेले. उरलेल्याचा कोरमा आम्ही जेवलो. बाळ पूर्ण वेळ झोपलेलं.

पुण्याला आल्यावर आईनं विचारलं, "बघवलं का गं तुला?" बघवलं नाही, पण मी नजरही वळवली नाही. रविवारी घरी मटण केलं, तेव्हा पहिल्या घासाला हात थांबला. मी देवधर्मातली नाही, कोणाचं नाव घ्यावं ते कळेना. पण न थांबता खाणं आता मला जमत नाही.