गोंधळ्या होऊन बसणाऱ्या ताई

ताई नेमकं काय करतात असं कुणी विचारलं, की आमचे मालक "त्या लॅब बघतात" एवढं सांगून मोकळे व्हायचे. जणू लॅब ही नुसती बघत बसायची गोष्ट आहे. मी त्याच संस्थेत पुढच्या टेबलावर बसते, फोन घेते, नावं नोंदवते आणि वेळ पडली तर खेकसते. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा ताईंची हकीकत मीच सांगितलेली बरी.

आमच्याकडे कंप्युटरचं नेटवर्क सांभाळायला शिकवतात. वर्गात चोवीस खुर्च्या आणि चोवीस स्क्रीन आहेत. पण विद्यार्थी ज्या मशिनांवर हात बसवतात, ती त्या खोलीत नसतातच. ती क्लाउडवर असतात, म्हणजे कुठल्या तरी दूरच्या केंद्रात भाड्याने घेतलेली. वर्ग सुरू होताना उभी करायची, संपला की मोडून टाकायची. ताई आधी एकच मशीन तयार करत. त्यात लागणारे सगळे प्रोग्रॅम, सरावाच्या फायली, विद्यार्थ्यांनी शोधून काढावेत म्हणून मुद्दाम घातलेले बिघाड. या मशिनाला त्या "आई" म्हणत. मग त्या आईच्या चोवीस प्रती काढायच्या. "आईत एक चूक राहिली की चोवीस लेकरांत तीच," असं म्हणत त्या आठवडाभर डोळ्यांत तेल घालून तिला तपासायच्या.

वर्गाआधीचे तीन-चार दिवस तर ताई ताई नसायच्याच. त्या गोंधळ्या असायच्या. गोंधळ्या हा त्यांनी मनानेच रचलेला विद्यार्थी. त्याच्या नावाने आईमध्ये खातं उघडायचं आणि अगदी त्याच्यासारखं वागायचं. पासवर्ड तीनदा चुकवायचा, सूचना न वाचता "होय" दाबायचं, फाईल भलत्याच ठिकाणी ठेवायची. तोंडाने बडबड चालूच, "अहो मॅडम, माझं सगळं गेलं हो!" मग खुर्ची फिरवून स्वतःच मॅडम व्हायचं, "काही गेलेलं नाही. आधी माऊसवरचा हात काढ." मी दारात उभी राहून पोट धरून हसायचे. गोंधळ्या जिथे अडखळला तिथे त्या सरावाची वही सुधारायच्या. शेवटच्या दिवशी त्याचं खातं आणि त्याने घातलेला सगळा पसारा पुसायचा, मगच प्रती काढायच्या. आईच्या, म्हणून प्रत्येक प्रतीच्याही, स्क्रीनच्या कोपऱ्यात त्यांचा मोबाईल नंबर असायचा, "अडलात तर फोन करा" असं लिहून.

वर्ग मात्र घ्यायचे सर. नऊ वर्षं. सर बोलायला असे गोड, की फी भरायला कुरकुरत आलेला माणूस दुसऱ्याचंही नाव घालून जायचा. ते स्वतःच्या मशिनावरून शिकवत, विद्यार्थ्याच्या खुर्चीत कधी टेकलेसुद्धा नाहीत. "लॅब काय, ताईंनी केली की झालीच," म्हणायचे. दुपारी ताईंच्या डब्यातलं अर्धं हक्काने खायचे. ताईंना भाऊ नाही. "तेवढा एक राहिला होता, तो इथे मिळाला," असं त्या मला म्हणाल्या होत्या.

ताईंना शिकवायचं होतं. नऊ वर्षांत दुसरं काही त्यांनी मागितलं नाही. त्यांची मुलगी दुसऱ्या गावी शिकते, ती फोनवर चिडवायची, "आई, तू भिंतीमागची बाई. एकदा तरी समोर उभी राहा." ताई हसून विषय बदलायच्या.

दोन महिन्यांपूर्वी सर म्हणाले, "ताई, येणारा वर्ग तुम्ही घ्या. मालकांशी मी बोललोय. फक्त लॅब कशी उभी करायची ते सगळं लिहून काढा, म्हणजे तुम्ही शिकवत असताना मी मागचं बघेन. आणि आईची चावी माझ्याकडे असू दे, ऐन वेळी अडायला नको." किती सरळ बोलणं! ताईंनी शहाऐंशी पानं लिहिली. कुठलं बटण कधी दाबायचं, कुठे किती वेळ थांबायचं, कुठे माणूस हमखास चुकतो, सगळं. चावी म्हणजे आईची प्रत काढायची परवानगी, तीही त्यांनी सरांच्या नावे करून दिली. रोज संध्याकाळी घरी नवऱ्याला खुर्चीत बसवून तालीम करायच्या. त्या गृहस्थांना कंप्युटरमधलं ओ की ठो कळत नाही, पण म्हणे मान छान डोलवायचे.

आणि आता माझी पाळी. वर्गाआधीच्या बुधवारी सर माझ्या टेबलाशी आले. "जरा नाव नोंदवलेल्यांची यादी द्या ना, फोन नंबरांसकट. ताईंचा पहिला वर्ग आहे, सगळ्यांना छानसा निरोप पाठवतो." मी दिली. जगावर खेकसणारी मी, तिथे विरघळले.

सोमवारी ताई नऊलाच आल्या. नवीन कपडे, केस नीट बांधलेले, हातात फळ्यावर लिहायची तीन पेनं. चोवीस मशिनं उभी केली, प्रत्येक खुर्चीपुढे वही ठेवली. दहा वाजले. कुणी आलं नाही. सव्वादहाला मी यादीतला पहिला नंबर लावला, तो फोन बंद. दुसरा बंद, तिसरा बंद. चौथ्याने उचलला आणि हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, वर्ग सुरू झालाय, नंतर बोलतो." मी यादी घेऊन ताईंकडे धावले.

तेवढ्यात ताईंचा मोबाईल वाजला. समोरून एका बाईचा घाबरलेला आवाज, इतका मोठा की मलाही ऐकू आला.

"मॅडम, कोपऱ्यात तुमचा नंबर दिसला म्हणून केला. तिसरा सराव होतच नाहीये. फाईल आधीच आहे असं म्हणतंय. आणि सुरुवातीलाच कुणा गोंधळ्याचं नाव येतंय. सगळ्यांच्याच मशिनावर!"

ताईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. गोंधळ्याला त्यांनी शनिवारी पुसलं होतं. म्हणजे ही प्रत त्याआधीच काढलेली. तिसरा सराव गोंधळ्याने अर्धवट सोडला होता, त्याच फायली आता त्या लोकांना आडव्या येत होत्या. प्रत काढणाऱ्याने स्वतः एकदा विद्यार्थ्यासारखं बसून पाहिलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं. पण लॅब काय, ताईंनी केली की झालीच!

"तुम्ही कुठे बसला आहात?" ताईंनी विचारलं.

"सरांच्या नव्या क्लासमध्ये. जागा बदलल्याचा निरोप आला ना सगळ्यांना. आज उद्घाटन होतं."

या माणसाला मी नऊ वर्षं अहो-जाहो केलं. यापुढे करणार नाही. त्याने केसाने गळा कापला, तोही जिच्या डब्यात रोज हात घातला तिचाच. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी खुणेने सांगत होते, ठेवा फोन, बसू दे बोंबलत. ताई एकही शब्द बोलल्या नसत्या तर तो वर्ग तिथेच आडवा झाला असता.

पलीकडून ती बाई म्हणाली, "मॅडम, माझी नोकरी गेलीय. हे जमलं नाही तर माझं कठीण आहे हो."

ताईंनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "काही गेलेलं नाही. आधी माऊसवरचा हात काढा."

आणि त्या सांगू लागल्या. गोंधळ्याच्या फायली कुठे सापडतील, त्या कशा पुसायच्या, मग सराव पहिल्यापासून कसा करायचा. पलीकडे कुणी तरी म्हणालं, "अहो, फोन स्पीकरवर टाका, आम्हालाही ऐकू द्या." खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. ताई रिकाम्या वर्गात फळ्यापाशी गेल्या आणि एका हातात फोन धरून दुसऱ्या हाताने आकृती काढू लागल्या. त्या ऐकणाऱ्यांपैकी एकालाही ती दिसणार नव्हती. पंचेचाळीस मिनिटं त्या बोलत होत्या. लोक प्रश्न विचारत होते, त्या एकेकाला विचारत होत्या, "आलं का? नक्की?" सबंध वेळात तो एकदाही बोलला नाही. शेवटी लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या फोनमधून खरखरत आल्या.

मालक आले ते थेट ताईंवरच उखडले. "चावी तुम्हीच दिलीत ना? मला विचारलं होतं?" ताईंनी वर्ग घेण्याबद्दल त्यांच्याशी कुणी बोललंच नव्हतं, हेही तेव्हाच कळलं. उलट उत्तर मी दिलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नंतर मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. "ताई, यादी मी दिली."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. त्या उठून फळ्यावरची आकृती पुसू लागल्या. "वर्ग नसता दिला तरी चाललं असतं गं. मला लॅब हवीय असं नुसतं तोंडाने म्हणाला असता, तर मीच त्याला चोवीस मशिनं उभी करून दिली असती. तिसऱ्या सरावासकट."

त्यांनी डोळे पुसले आणि एकेक मशीन मोडायला घेतलं. सतराव्यावर होत्या तेव्हा मुलीचा फोन आला. "आई, सांग सांग, कसा झाला वर्ग? किती जण होते?"

"चोवीस," ताई म्हणाल्या. "चांगला झाला. टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी."

"आणि सर? सर काय म्हणाले?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"ते काही बोलले नाहीत," ताई म्हणाल्या, आणि अठरावं मशीन बंद केलं.